आतून आवाज येत नाही

४ ऑगस्ट

प्रिय आत्या,

नमस्कार. तुझी तब्येत, माझी तब्येत, सगळं शेवटी. आधी सोबतचं कात्रण उघड आणि मग पुढे वाच.

उघडलंस? पहिलं पान आहे, आणि पानाचा वरचा अर्धा भाग आहे. गेल्या वर्षी आम्ही तुझं 'देवाधर्माचं पान' बंद केलं तेव्हा तू मला लिहिलं होतंस, "आता तुमच्या पेपरात देवाला जागा नाही, फक्त बिल्डरला आहे." तो टोमणा मी विसरलो नव्हतो. म्हणून हे मुद्दाम पाठवतोय. धर्माची बातमी आणि तीही पहिल्या पानावर! तुझ्या सबंध नोकरीत तुला पहिलं पान कधी मिळालं होतं, सांग बरं.

कचेरी इकडे शहरात हलवल्यापासून आपल्या गावची आवृत्ती मी इथूनच काढतो, हे तुला माहीत आहे. तिकडे आमचा एकच बातमीदार उरलाय. तो आजूबाजूची सगळी गावं एकटा सांभाळतो आणि उरलेल्या वेळात विमा विकतो. (की विमा विकून उरलेल्या वेळात बातम्या देतो, हे मी विचारत नाही.) तर हा स्टेशनमागच्या जुन्या प्रार्थनाघरावरून चालला होता. दाराला गंजलेलं कुलूप, पायरीवर गवत. त्याने फोटो काढला आणि समोरच्या शिंप्याला गाठलं. शिंपी म्हणाला, "मी इथे दुकान टाकल्यापासून आतून आवाज ऐकल्याचं मला आठवत नाही." मला तेवढं पुरे झालं. मथळा माझा आहे: 'आवाज नाही, माणूस नाही, प्रार्थनाघर पडलं ओस'. त्या दिवशी मोबाईलवर आपल्या गावची सर्वांत जास्त वाचली गेलेली बातमी हीच. मुख्य संपादकांनी चक्क पाठ थोपटली. ते गृहस्थ सहसा पाठ फिरवतात.

फोनच करणार होतो, पण मागच्या खेपेला तुझं "हॅलो, कोण?" आणि माझं "आत्या, मी!" यातच सगळा वेळ गेला. कानात घालायचं मशीन मी पाठवलंय ते ड्रॉवरमध्ये शोभेला ठेवू नकोस.

तुझा
घाईराव


९ ऑगस्ट

चि. घाईराव,

आशीर्वाद. तुझं हे नाव आजोबांनी ठेवलं ते उगाच नव्हे. जन्मालासुद्धा तू डॉक्टरांच्या आधी हजर झालास.

कात्रण पाहिलं. अभिनंदन नंतर करीन. आधी मला एवढंच सांग, तुझ्या विमेवाल्याने त्या इमारतीला दुसरं दार आहे का, हे पाहिलं का?

नसणारच पाहिलं. रस्त्याकडचं दार बंद असतं, कारण त्या रस्त्याने ट्रक जायला लागले तेव्हा तिथल्या मंडळींनीच ते कायमचं लावून घेतलं. आत जायचं ते मागच्या बोळातून, निळ्या दाराने. दाराशेजारच्या खोलीत घड्याळजी राहतात. तुला आठवत असतील, स्टेशनजवळ घड्याळं दुरुस्त करायचे ते. आता प्रार्थनाघराची झाडलोट आणि देखभाल तेच करतात. दर बुधवारी संध्याकाळी आणि रविवारी सकाळी तिथे माणसं जमतात. फार नाहीत, पण जमतात.

जमून काय करतात? काही करत नाहीत. गप्प बसतात. तीच त्यांची प्रार्थना आहे. गाणं नाही, घंटा नाही, प्रवचन नाही. गावात त्यांना 'मुके' म्हणतात आणि ते रागावत नाहीत. रागावले तरी कळणार कसं म्हणा!

म्हणजे शिंप्याने अगदी खरं तेच सांगितलं रे. आतून आवाज आला नाही, कारण आत माणसं होती आणि प्रार्थना करत होती. आवाज आला असता तर मात्र बातमी झाली असती. हे न कळायला माणूस वेडा असावा लागत नाही, फक्त पेपरात धर्माचं खातं बंद झालेलं असावं लागतं. माझ्या वेळचा शिकाऊ उपसंपादकसुद्धा हा फोटो पाहून म्हणाला असता, "अहो, हे तर मुक्यांचं बंद दार."

चूक झाली आहे. दुरुस्त कर, आणि वेळ घालवू नकोस. घाई करायची जागा ही होती.

तुझी आत्या


१४ ऑगस्ट

प्रिय आत्या,

कान उपटलेस ते पोचलं. चूक झाली, कबूल. हे असं कुठे प्रार्थनाघर असतं, हे मला कोण सांगणार? मी त्या गावात वाढलो आणि तरी त्या बोळात कधी गेलो नाही.

उद्याच्या अंकात खुलासा टाकतोय. आत्ताच लिहून दिला.

पण एक बोलू का? तुझ्या पत्रातला राग एवढ्याशा कुलपाचा नाही. तो तुझ्या पानाचा आहे. मला समजतं गं. इतकी वर्षं ज्या पानावर जीव लावला ते एका बैठकीत गेलं, आणि त्या बैठकीत तुझाच भाचा मान खाली घालून बसला होता. पण मी तरी काय करणार? मुख्य संपादकांनी भिंतीवर आकडे लावले. कोणती बातमी किती जणांनी उघडली, किती वेळ वाचली. तुझं पान तळाला. नवीन इमाम आले, देवळाचं छप्पर दुरुस्त झालं, फादर बदलले, हे उघडून बघायला लोकांना वेळ नाही. त्याच जागी राशिभविष्य टाकलं तर आकडा दुप्पट झाला. त्या आकड्यांपुढे मी काय बोलणार होतो?

म्हणून मी एक युक्ती काढली आहे. तू रविवारच्या पुरवणीत सदर लिही. जुन्या आठवणी, गमती, ते फादर पायरीवरून घसरले होते तो किस्सा. नाव देऊ 'देवाच्या दारी'. मुख्य संपादक नाही म्हणणार नाहीत. आठवणी लोकांना आवडतात. त्या खोट्या ठरत नाहीत, हाही एक फायदा.

राग सोड आणि होय म्हण.

तुझा घाईराव


२२ ऑगस्ट

चि. घाईराव,

खुलासा सापडला. पाण्याच्या टाक्या धुण्याची निविदा आणि हरवलेल्या कुत्र्याची जाहिरात यांच्या मधे होता. चूक छापायला अर्धं पान आणि दुरुस्ती छापायला बोटभर जागा. कुत्र्याला तुम्ही फोटो तरी दिलात.

आणि वरातीमागून घोडं म्हणतात ते हेच. खुलासा येईपर्यंत नगरपालिकेने प्रार्थनाघर 'विनावापर इमारती'च्या यादीत घातलं. स्टेशनसमोरच्या दुकानदारांना तिथे पार्किंग हवंच होतं, त्यांनी पहिल्याच दिवशी तुझं कात्रण अर्जाला जोडलं. घड्याळजींच्या दारावर नोटीस लागली आहे. पुढच्या महिन्याच्या शेवटी सुनावणी आहे. तिथे 'इमारत ओस आहे' असं ठरलं तर ती पाडणार. मी स्वतः जाऊन फाईल पाहिली. वरच तुझा मथळा आहे, चांगला ठळक.

आता तुझ्या युक्तीबद्दल. राग पानाचा आहे असं तुला वाटतं ना? असू दे थोडा. पण ते पान म्हणजे काय होतं, ते तुला कळलेलं नाही. ऑफिसात मला 'स्वर्गाची वार्ताहर' म्हणून हसायचे. मी स्वर्गाबद्दल एक ओळ लिहिली नाही. मी लिहीत होते ते हे, की टेकडीवरच्या देवळाचं छप्पर कुठून गळतंय, नवे इमाम आधी शाळेत गणित शिकवायचे, चर्चमधल्या पेटीवाल्या बाई गुडघ्यांमुळे आता खुर्ची उंच करून घेतात. आणि वेळा. कोण कधी जमतं, कोणत्या दाराने जातं, परक्या माणसाने आत गेल्यावर कुठे उभं राहायचं. देवळातली माणसं मशिदीचं वाचायची, मशिदीतली चर्चचं. एका गल्लीत राहून जे जन्मात एकमेकांच्या उंबऱ्याआत गेले नसते, ते सकाळी चहा पिता पिता डोकावून यायचे. त्यासाठी कोणाला 'उघडून' बघावं लागत नव्हतं, पान उलटताना ते आपोआप डोळ्यांखालून जायचं.

आता तुमच्याकडे धर्माची बातमी येते ती पोलीस ठाण्यातून, नाहीतर कुलूप दिसलं की. भांडण आणि कुलूप यांच्या मधे माणसं बाकी वर्षभर जे करतात, त्याला वार्ताहर नाही. मग एक दिवस शेजारचा शिंपी म्हणतो, आतून आवाज आला नाही, आणि त्याचाच पुरावा होतो.

सदर नको. आठवणी विकायला मी अजून मेले नाही. जेवढ्या जागेत ओस म्हटलंत तेवढ्याच जागेत, त्याच पानावर, ओस नाही असं छापा. सुनावणीच्या आधी.

आत्या


३० ऑगस्ट

प्रिय आत्या,

मला फाईलचं माहीत नव्हतं. खरंच नव्हतं. तुझं पत्र वाचून त्या दिवशी माझं कामात लक्ष लागलं नाही.

मुख्य संपादकांकडे गेलो. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं, आणि मग म्हणाले, "आपली चूक आपणच पहिल्या पानावर छापली, तर वाचक उरलेलं पान खरं कसं मानणार?" मी म्हटलं, "साहेब, इमारत जाईल." ते म्हणाले, "इमारत नगरपालिका पाडेल, आपण नाही." हात झटकावेत तर असे.

पण एक फट त्यांनी ठेवली आहे. दुरुस्ती नको, लेख चालेल. आणि तो तुझ्या नावाने. म्हणाले, "बाईंचं नाव आलं की गाव मान डोलावतं. त्या कोणाच्या बाजूच्या नाहीत, हे लोकांना माहीत आहे." हे मात्र पटलं मला. मी लहानपणापासून पाहतोय. पुजाऱ्यांना वाटतं आत्या त्यांची, फादरना वाटतं त्यांची, इमामसाहेब तर तुला थेट बहीणच म्हणतात. आपल्या घरात तर देव नव्हताच. आजोबांचा नियम होता ना, ज्याला हवा त्याने बाहेर जाऊन भेटून यावं! तेव्हा तुझ्याइतकी निष्पक्ष बाई दुसरी नाही. तू लिही, मी एक अक्षर कापणार नाही, पहिल्या पानावर लावतो.

दोन दिवसांत पाठव. तुला काय, डाव्या हाताचा मळ!

तुझा घाईराव


५ सप्टेंबर

चि. घाईराव,

मला लिहिता येणार नाही.

कारण सांगितलं नाही तर तू पुन्हा काहीतरी भलतंच समजशील, म्हणून सांगते. तुझ्यापाशीच राहू दे. तुझ्या बाबांनाही मी हे सांगितलं नव्हतं, आणि त्यांच्यापासून मी काही लपवत नसे.

मी निवृत्त झाले त्याच्या आधीच माझे कान गेले होते. ऑफिसात कोणाला कळू दिलं नाही. पुजाऱ्यांचं बोलणं ओठांवरून ओळखायची, इमामसाहेबांचं हातांवरून. फादरनी दाढी-मिशा वाढवल्या आणि तिथे माझा कारभार आटोपला! तू पाठवलेलं मशीन घातलं की भांडी पडतात तसा गोंगाट होतो आणि माणसाचं बोलणं तेवढं नेमकं येत नाही. देवळात बसले तर सगळे एकदम हसतात, मी मागाहून हसते. चर्चमध्ये सगळे उभे राहतात, मी शेजारणीकडे बघून उभी राहते. घरी येऊन वाटायचं, आपण आता कुठल्याच घोळक्यातले नाही.

मग एका बुधवारी त्या बोळातून चालले होते. निळं दार उघडं होतं. पाय दुखत होते म्हणून आत जाऊन बसले. कोणी काही बोलेना. मी सवयीने सगळ्यांचे ओठ बघत राहिले, आणि बऱ्याच वेळाने माझ्या लक्षात आलं की इथे बघण्यासारखं काही नाही. यांना जेवढं ऐकू येतंय तेवढंच मलाही येतंय. मी तिथे बसून रडले रे. कोणी विचारलं नाही. निघताना घड्याळजींनी फक्त दार धरून ठेवलं.

तेव्हापासून मी जाते. आधी दमले म्हणून जायची, आता प्रार्थनेला जाते. हा शब्द मी आयुष्यात पहिल्यांदाच माझ्याबद्दल लिहितेय.

आता सांग, लेख कसा लिहू? ज्याचा खटला त्याने निकाल लिहायचा नसतो. आणि खरं सांगून लिहिलं तर दुसरंच काहीतरी जाईल. मी कोणाची, याबाबत मी गावाला कधी ताकास तूर लागू दिली नाही, म्हणून सगळी दारं मला उघडी राहिली. अजून रस्त्यात तिघेही मला थांबवतात, घरचं सांगतात. एका दारातली म्हणून कळले, की बाकीच्या दारांत मी पाहुणी होणार. म्हातारपणी तेवढीच मिळकत आहे माझी. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात, ती झाकलेलीच बरी.

पण प्रार्थनाघर गेलं तर मी कुठे बसू? हे कोणाला विचारू, म्हणून तुला विचारलं. उत्तर नाही दिलंस तरी चालेल.

तुझी आत्या


१९ सप्टेंबर

प्रिय आत्या,

इतके दिवस पत्र नाही म्हणून शिव्या घातल्या असशील. मी तिकडे येऊन गेलो. गेल्याच्या गेल्या बुधवारी. तुला सांगितलं नाही.

बोळ शोधायला मला तीन जणांना विचारावं लागलं, यावरूनच काय ते समज. निळ्या दाराशी घड्याळजी उभे होते. मी बातमीदार आहे म्हटल्यावर त्यांनी चेहरा पाडला नाही, नुसता हात आत दाखवला. आत बाकं, चुना लावलेल्या भिंती, आणि घड्याळ नाही! घड्याळजींच्या प्रार्थनाघरात घड्याळ नाही. टिकटिक होते म्हणून त्यांनीच काढून टाकलं म्हणे.

तू पुढे बसली होतीस. डोळे मिटलेले होते. तुला असं मी झोपेतसुद्धा पाहिलं नाही, तू झोपेतही कपाळाला आठी घालून झोपतेस.

सुरुवातीला मी मनातल्या मनात मथळे देत बसलो. मग मथळे संपले. मग बाबांची आठवण आली. ते गेले त्या दिवशी संध्याकाळी मी कचेरीत पान लावायला परत गेलो होतो, आणि त्यानंतर रोज काही ना काही पान असायचंच. आत्या, मी बाबांसाठी रडलोच नव्हतो, हे मला तिथे कळलं. सगळे उठायच्या आधी मी बाहेर सटकलो. तू डोळे उघडून मला तसं पाहिलं असतंस तर मला तोंड दाखवायला जागा राहिली नसती.

बातमी तू पाहिलीच असशील. पहिलं पान, वरचा अर्धा भाग, जेवढ्यास तेवढा मथळा: 'प्रार्थनाघर ओस नाही, चूक आमची'. खाली माझं नाव. तुझं नाव कुठेही नाही, 'एक वृद्ध बाई' एवढंसुद्धा नाही. मुख्य संपादक लेकीच्या लग्नासाठी सुट्टीवर होते आणि पान छपाईला मीच सोडलं. ते परत आले, आणि गावची आवृत्ती माझ्याकडून काढून घेतली. सोमवारपासून मी राशिभविष्याची पुरवणी बघतो. घरी बायको म्हणाली, "निदान स्वतःचं भविष्य तरी आधी वाचायचं होतंत." हसली, पण धास्तावली आहे. मीही आहे.

आता सुनावणी. माझं ऐक. 'निवृत्त वार्ताहर' म्हणून उभी राहा आणि सांग, मी जाऊन पाहिलं आहे, माणसं जमतात. त्यात एक शब्द खोटा नाही. प्रार्थनाघर वाचेल आणि मूठही झाकलेली राहील. इतकी वर्षं सांभाळलेलं एका दुपारी उधळू नकोस.

तुझा घाईराव


२८ सप्टेंबर

चि. घाईराव,

आशीर्वाद. तुझं राशिभविष्य वाचते. माझ्या राशीला आठवडाभर 'कमी बोला, लाभ होईल' असं लिहितोस, ते मला उद्देशून आहे हे न कळण्याइतकी मी भोळी नाही.

तू आला होतास, ते मला माहीत होतं. डोळे मिटले म्हणून काय झालं, तुझ्या बाबांसारखंच तूही बाकावर बसताना आधी हात टेकवतोस, त्याचा हादरा बाकाबाकांतून येतो. वळून बघावंसं फार वाटलं. नाही बघितलं. रडायचं ते रडलास, बरं झालं.

आता परवाची हकीकत. नगरपालिकेचं सभागृह भरलं होतं. पार्किंगवाले दुकानदार पुढे, आमची बुधवारची मंडळी कडेला. पुजारी, इमामसाहेब, फादर तिघेही आले होते, कारण आज मुक्यांची जागा गेली तर उद्या यादीत कोणाची येईल याची सगळ्यांना धास्ती. सुनावणीला अधिकारी बाई होत्या, तुझ्या वयाच्या. नगरपालिकेचा कारकून माझ्याशेजारी बसला होता. कानांचं मी त्याला आधीच सांगून ठेवलं होतं, म्हणून तो भला माणूस सगळं मला कागदावर लिहून दाखवत होता.

बाईंनी तुमची दोन्ही कात्रणं टेबलावर शेजारी शेजारी ठेवली आणि म्हणाल्या, "एकच पेपर. दोन महिन्यांपूर्वी ओस, आता ओस नाही. मी पेपरवाल्यांचं काय धरू?" तुझी आवृत्ती काढून घेतली ती कशासाठी, हे मला ओरडून सांगावंसं वाटलं. घड्याळजी उठले, तर दुकानदार म्हणाले, "हे तिथेच राहतात, हे म्हणणारच." आमची मंडळी उठली. एकाने सांगितलं, आम्ही येतो. दुकानदार म्हणाले, "ही घड्याळजींनी गोळा केलेली माणसं." आणि आमची माणसं कशी, तुला ठाऊक आहे. वाद घालायची सवयच नाही. उभी राहिली ती तशीच उभी.

मग मी उठले. बाईंनी मला ओळखलं. काहीतरी म्हणाल्या, कारकुनाने कागद पुढे केला. त्यावर लिहिलं होतं: 'बातमीदाराचं म्हणणं आता ऐकणार नाही. तुम्ही तिथे बातमीसाठी जाता की प्रार्थनेसाठी?'

तू पढवलेलं उत्तर जिभेवर होतं. पण ते म्हटलं असतं, तर माझं म्हणणंही पेपरचं तिसरं कात्रण ठरलं असतं. आणि खरं सांगू? ते विचार नंतरचे. तेव्हा मी फक्त कडेला उभ्या असलेल्या माणसांकडे पाहिलं. एवढ्या वर्षांत त्यांनी मला कधी विचारलं नव्हतं, तू इथे कशाला येतेस. त्यांच्या तोंडावर 'कामासाठी' म्हणायला माझी जीभ वळेना.

मी म्हटलं, "प्रार्थनेला."

बहिऱ्या माणसाला आपला आवाज समजत नाही. मला वाटलं, मी हळूच पुटपुटले. सांगतात की बाहेरच्या पहारेकऱ्याने आत डोकावून पाहिलं. सगळं सभागृह माझ्याकडे वळलं. बाईंनी कारकुनाला काही लिहायला सांगितलं. त्याने ते आधी फाईलमध्ये लिहिलं आणि मग माझ्या कागदावर उतरवून दिलं: 'इमारत प्रार्थनेसाठी वापरात. यादीतून वगळावी.' घड्याळजींनी डोळे पुसले. मी खाली बसले.

वाचलं, घाईराव. तू छापलंस म्हणून त्या फाईलमधलं पहिलं कात्रण डळमळलं, एवढं विसरू नकोस.

बाहेर आले ती चोरासारखी. फादर दुसऱ्या जिन्याने निघून गेले. मला दिसले, मी हाक मारली नाही. इमामसाहेबांनी लांबून मान हलवली, पण थांबले नाहीत. पायऱ्यांवर पुजाऱ्यांनी गाठलं. त्यांचे ओठ मला पाठ आहेत. म्हणाले, "म्हणजे आमच्याकडे यायचात ते फक्त बातमीला होय?"

चेष्टा नव्हती ती. त्यांना लागलं होतं. मला वाटलं, झालं, हे दार गेलं. म्हटलं, "तुमच्याकडे यायला कान लागतात हो, पुजारीबुवा. माझे केव्हाच गेले."

ते वळले. पायऱ्या उतरून निघून गेले.

काल सकाळी मी टेकडी चढले. का, ते मलाच माहीत नाही. हाकलतील तर हाकलू देत, म्हटलं. मी नेहमीसारखी मागे खांबाला टेकले, तर पुजारी चालत आले, माझा हात धरला आणि सगळ्यांच्या देखत मला अगदी पुढे नेऊन बसवलं. आणि मग माझ्याकडे तोंड करून उभे राहिले. सबंध स्तोत्र त्यांनी तसंच म्हटलं, हळू हळू, एकेका शब्दाला ओठ नीट उघडून, मला वाचता यावं म्हणून.

देवाकडे पाठ करून, घाईराव.

तुझी
आत्या